उरलं ते घरात

ओट्याखाली सिलिंडर नव्हता. आधी तिने शेगडीचं बटण फिरवलं, लायटर दोन-तीनदा दाबला, ज्योत येईना म्हणून सवयीने खाली वाकून रेग्युलेटर चाचपायला हात घातला, आणि तो हात नुसताच अंधारात फिरून परत आला. मग ती उकिडवी बसली. फरशीवर गंजाचं एक गोल कडं होतं, वर्षानुवर्षं तिथे सिलिंडर ठेवल्याचं, आणि कड्याच्या आत धूळ बसली होती. नारिंगी नळी खिळ्याला टांगलेली. तिच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घालून वरून सुतळीचे वेढे दिले होते. वेढे एकाला एक लागून, सारख्या ताणाचे, शेवटची गाठ आत दडवलेली. बाबांनी उभी हयात टपाल कचेरीत पार्सलं बांधण्यात घालवली होती. ही गाठ दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. म्हणजे चोरी नव्हे. म्हणजे घाईही नव्हे. कुणीतरी शांतपणे, हाताला वेळ देऊन, या घरातली आग बांधून ठेवली होती.

बाहेरच्या खोलीतून बाबांनी सांगितलं की मला दूध नको गं, आत्ताच चहा घेतलाय. आत्ताच हा शब्द तिच्या कानात काट्यासारखा राहिला. कुठल्या आगीवर, असं विचारायला तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं. तिच्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये गेल्याच आठवड्यातला निरोप, आपला सिलिंडर पोचवण्यात आला आहे, धन्यवाद. दर वेळी बाबा संपला म्हणाले की ती घरबसल्या नोंदणी करायची, दर वेळी असा निरोप यायचा, आणि निरोप आला की तिच्या छातीवरचं एक लहानसं वजन उतरायचं. एरवी ती यायची तेव्हा डबे भरून आणायची, आल्या आल्या बाबांना वाढायची, रिकामे डबे पिशवीत घालून निघायची. या शेगडीला तिचा हात किती दिवसांत लागला नव्हता ते तिला आठवेना. आज जवळपास काम होतं, ते रद्द झालं, म्हणून न कळवता ती वर आली होती, एवढंच.

दूध ओतून देऊन ती बाहेर आली आणि नासलं होतं म्हणाली. हे पहिलं खोटं. बाबा दोन स्वेटर एकावर एक घालून खुर्चीत बसले होते, कानाला मफलर, हात काखेत. आज भात जरा जास्तच शिजला, म्हणाले, गाळ झाला अगदी. आणि ती म्हणाली, पाणी बेताने घालत जा. म्हणाली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली, कारण तो अगदी नेहमीचा, लेकीचा, थोडासा रागावलेला आवाज होता, आणि ज्या भाताला ती पाणी बेताने घालायला सांगत होती तो भात या जगात नव्हता. दोघांनी मिळून त्या भातावर आणखी थोडं बोलणं केलं. नवा तांदूळ असा, जुना तसा. मग ती उठली. जिन्यात येईपर्यंत तिच्या हाताला ओट्याखालच्या अंधाराचा स्पर्श तसाच होता, पाण्यात हात घातल्यावर राहतो तसा.

विचारलं का नाही? तर विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागतं. आई गेली त्या वर्षी दादा दूरदेशाहून आला होता. हॉटेलात तेराव्या मजल्यावर उतरला होता, कारण बाबांच्या घरात त्याच्या मुलांना थंडी वाजायची. त्याने तेव्हाच एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, स्वच्छ, बागबिग असलेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबा तेव्हा उठून आईच्या पातेल्यांचे काठ घासत बसले होते. मग तिनेच मधला मार्ग काढला. बाबा जोवर स्वतःचं स्वतः रांधून खातात तोवर ते आपल्या घरात राहतील. ज्या दिवशी चूल थंडावली त्या दिवशी पुढचं. दादा म्हणाला, ते कळणार कसं, तू काय रोज जाणार आहेस? आणि तिने, जिचं पोटच मोजण्यावर चालत होतं, मोठ्या हुशारीने सांगितलं की सिलिंडर किती दिवसांनी लागतो त्यावरून कळेल. माणूस खोटं बोलेल, सिलिंडर बोलणार नाही. तेव्हापासून दादाच्या दर फोनला ती सांगत आली, बाबांचा सिलिंडर वेळेवर संपतोय, म्हणजे छान चाललंय. दादा म्हणायचा, गुड. दोघं भावंडं मग आपापल्या पोरांविषयी बोलायची.

त्या रात्री स्वयंपाक करताना ती आपल्याच शेगडीपुढे उभी राहिली. निळ्या पाकळ्यांचं ते फूल रोजचंच, पण आज तिला त्याचा आवाज ऐकू आला, एक बारीक, न संपणारा श्वास. आई शेगडी पेटवण्याआधी हात जोडायची. लहानपणी त्याचं हसू यायचं. काडी ओढायच्या आधी क्षणभर डोळे मिटून काहीतरी गुणगुणायची, आणि पहिला घास आगीला दाखवल्याशिवाय कुणाला वाढायची नाही. देव भावाचा भुकेला असतो, आई म्हणायची, माणूस मात्र ऊन घासाचा. म्हणून देवाला गार चालतं, तुम्हाला नाही. सिलिंडरात किती उरलंय ते ती ओलं फडकं फिरवून बघायची. फडक्याची ओल वरून भराभर सुकत यायची आणि जिथे आत वायू असेल त्या रेघेशी येऊन थांबायची. एवढ्या मोठ्या लोखंडाच्या पोटातलं तिला एका फडक्यात दिसायचं. नवऱ्याने आतून विचारलं, करपतंय का काही? तिने आच कमी केली. सांगावं का याला? पण सांगितलं असतं तर नवरा भला माणूस, लगेच म्हणाला असता की मग इकडे घेऊन ये. आणि मग दोघंही मनातल्या मनात खोल्या मोजत बसले असते. बाहेरच्या खोलीत परीक्षेचं पोरगं, आतल्या खोलीत ती दोघं, मधे कपाट. तिने काही सांगितलं नाही.

सोमवारी कचेरीत नेहमीसारखी वीज रजेवर होती आणि तेलाला सर्दी झाली होती. तिथे माणसांना इंधनांचीच नावं पडली होती. ज्याच्याकडे ज्याचा रकाना, तो तो. कोळसा डबा खातोय, नंतर या. वायूची बदली होणार म्हणे. नवीन माणूस पहिले दोन दिवस बुचकळ्यात पडायचा, मग तोही कशाचा तरी होऊन जायचा. तिला सगळे घर म्हणत, कारण घरगुती वापराचा रकाना तिचा, आणि शेवटी सगळ्यांचे आकडे एकत्र आणून देशाचा ऊर्जा ताळेबंद मांडायचा तोही तिनेच. एका बाजूला येणं: वर्षभरात खाणींतून निघालेला कोळसा, जहाजांतून उतरलेलं तेल, नळ्यांतून आलेला वायू, धरणांनी दिलेली वीज, लोकांनी डोक्यावरून वाहून आणलेलं सरपण. दुसऱ्या बाजूला जाणं: वीजकेंद्रांच्या भट्ट्या, कारखाने, ट्रक, आगगाड्या, दुकानं, शेतं, घरं. कोळसा टनांत, वीज युनिटांत, सरपण मोळ्यांत येतं. ते सगळं आधी एकाच मापात घालायचं, तेलाच्या टनात. जंगलातली मोळी असो की आकाशातलं ऊन, तेलाचे कपडे चढवल्याशिवाय तक्त्यात पाऊल टाकता येत नाही. आणि शेवटी दोन्ही बाजू जुळायला हव्यात, कारण आग हरवत नाही. जळते, धुराड्यातून वर जाते, तारांतून गळते, पण कुठेतरी जातेच. नोकरीला लागली तेव्हा तिला या गोष्टीचा मोठा आधार वाटला होता. जगात निदान एक हिशोब असा आहे ज्यात काहीच नाहीसं होत नाही. देवाचाही असाच असेल, असं तिला तेव्हा वाटायचं.

पण घरं कुणी मोजत नाही. कारखाने आपले आकडे पाठवतात, रेल्वे पाठवते, मोठी हॉटेलं पाठवतात. घराघरांत जाऊन विचारायची पाहणी फार मागे एकदा झाली होती. नवीन करायची म्हटलं की पुढच्या वर्षी बघू. तेव्हा रीत अशी पडली की विकल्या गेलेल्या वायूतून ज्यांचे आकडे आलेत त्यांचे वजा करायचे आणि उरलं ते घरात. हे वाक्य कोळशाने तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. विक्री म्हणजे वापर, बाई, आणि उरलं ते घरात. या दोन विटांवर आपण उभे आहोत, हलू नका. ती हसली होती. पुढे तीच नव्या माणसांना हे वाक्य शिकवू लागली, आणि तेही हसत.

या वर्षी उरलेलं फार होतं. घरं तेवढीच, माणसं जवळपास तेवढीच, सरपणही म्हणावं तसं घटलेलं नाही, आणि घरगुती वायू मात्र दूध उतू जावं तसा वर आलेला. तीन आठवडे ती हा आकडा उलटापालटा करत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिचा कयास असा की घरांच्या नावाने निघालेले सिलिंडर घरांत जळत नाहीत. टपऱ्या, खानावळी, रिक्षा, कुठेतरी भलतीकडे जळतात. पण त्याला पुरावा काय? म्हणून तिने एवढंच करायचं ठरवलं होतं की जास्तीचा आकडा घरांवर लादायचा नाही, तक्त्याच्या तळाशी तफावत नावाची एक ओळ असते तिथे तो उघडा ठेवायचा. म्हणजे सरळ सांगायचं की एवढं आलं, एवढं गेलं, आणि एवढं कुठे गेलं ते आम्हाला ठाऊक नाही.

संचालकांनी तिला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले. वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी बेजार, बोलणं मात्र कीर्तनाला बसल्यासारखं गोड.

"तफावत म्हणजे देवापुढे सोडलेली ओंजळ, मॅडम. ओंजळीएवढीच असावी. तुम्ही घागर उपडी करताय."

तिने आपलं म्हणणं मांडलं. त्यांनी ते ऐकलं, मान डोलावली, आणि पुढचं शांतपणे समजावून सांगितलं. एवढी मोठी तफावत ठेवली तर खाली टीप द्यावी लागेल. टिपेत कयास लिहावा लागेल की घरचे सिलिंडर धंद्यात जळतायत. टीप पुरवठा खात्याकडे जाईल, ते हातात काठी घेऊन बाहेर पडतील, आणि छापे पडतील ते काही मोठ्या हॉटेलांवर पडणार नाहीत. नाक्यावरच्या टपऱ्या उचलल्या जातील. शिवाय बाहेरचे तज्ज्ञ विचारतील, आंधळं दळतंय आणि पीठ कोण खातंय?

"पण सर, खरं तेच आहे."

"असेल. तुम्ही पाहिलंय का? असा एक तरी सिलिंडर?"

तिच्या डोळ्यांसमोर गंजाचं ते कडं आलं, आतल्या धुळीसकट. कालपासून बाबांचं घर आणि हा तक्ता तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत होते. मधलं दार आत्ता उघडलं. निरोप आला, पोचवण्यात आला आहे. वितरकाच्या वहीत विक्री झाली. विक्री म्हणजे वापर. या सबंध वर्षात तिच्या जन्मदात्या बापाच्या घरचा वायू तिनेच घरगुती रकान्यात जमा करून घेतला होता. ती म्हणाली, नाही पाहिला. संचालक म्हणाले, उद्या दुपारपर्यंत ठरवा, मग मात्र मला सही करून वर पाठवायचं आहे.

संध्याकाळी ती बाबांच्या गल्लीत उतरली तेव्हा दिवे लागायला आले होते आणि गारठा जमिनीलगत साचू लागला होता. वर जाऊन काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत ती इमारतीच्या दाराशी पोचली आणि तिथेच थांबली, कारण बाबा वर नव्हतेच. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत, भिंत आणि मोठी शेगडी यांच्या मधल्या बेचक्यात एक बाकडं होतं, त्यावर ते बसले होते. मफलर सोडलेला. चेहऱ्यावर शेगडीचा तांबूस उजेड. फळीखाली दोन सिलिंडर, दोन्ही लाल. धंद्याला निळा लागतो. लाल म्हणजे घरचा. काखेत कळसा म्हणतात तो असा. तीन आठवडे देशभरच्या आकड्यांत जे ती शोधत होती ते तिच्या बापाच्या पायाशी भरारा जळत होतं, आणि बापाच्या गालांना, तिने किती दिवसांत पाहिला नव्हता असा रंग आला होता.

चहावाल्याने तिला आधी ओळखलं. चाळिशीचा, बोलका, एका हाताने सतत काहीतरी ढवळणारा माणूस.

"या ताई, बसा. बाबा सांगत असतात तुमचं. सबंध देशाचा गॅस म्हणे तुम्ही मोजता." आणि डोळा बारीक करून, "आमचा मोजू नका म्हणजे झालं."

बाबांनी हातातला पेला बाकड्याखाली ठेवला. शाळेच्या मास्तरांनी नाक्यावर पकडलेल्या मुलाने लपवावा तसा. मग उगीचच म्हणाले की सहज आलो होतो खाली, पाय मोकळे करायला. ती त्यांच्या शेजारी बसली. शेगडीचा आवाज एवढा मोठा होता की गल्लीतलं दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मग हळूहळू, थोडं बाबांच्या तोंडून, थोडं चहावाल्याच्या, गोष्ट बाहेर आली. मागच्या थंडीत एका सकाळी चहावाला वर चहा द्यायला गेला तो जिन्यातच त्याला गॅसचा भपकारा आला. दार उघडंच होतं. बाबा स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, हातात काड्यापेटी. बटण केव्हाचं फिरवलेलं आणि ते काडी काढताकाढता कशात तरी हरवलेले. चहावाल्याने पेटी हिसकावली, खिडक्या उघडल्या, बाबांना दंडाला धरून बाहेर ओढलं. आणि सगळी चाळ नाक धरून उभी असताना बाबा विचारत होते, झालं काय?

"मला वास येत नाही, बाळा," बाबा म्हणाले. "कधीपासून ते नाही सांगता येणार. तुझ्या आईचं पांघरूण मी उशाशी घेऊन निजायचो. एकदा कळलं, त्यातला वास गेला. वाटलं, जुनं झालं, जायचाच. वास पांघरुणातनं गेला नव्हता. माझ्यातनं गेला होता."

त्याच दिवशी त्यांनी सिलिंडर चहावाल्याला खाली न्यायला सांगितलं. एकटा मेलो तर चालेल, म्हणाले, पण भिंतीपलीकडे बाळंतीण आहे. तेव्हापासून नवा आला की तो परस्पर इथे उतरतो, आणि बाबा दिवसभर इथे बसतात. चहावाला मधेच म्हणाला की मी फुकट ठेवून घेत नाही हो, ताई. सकाळी दूधपाव, दुपारी घरनं माझा डबा येतो त्यातलं अर्धं, आणि बसायला ही जागा. रात्रीचं मात्र बाबा वर जाऊन काय ते गारढोण खातात, म्हणून मी बोलतो त्यांना. बाबा म्हणाले, चव कुठे कळते मला. ऊन आहे का गार, एवढंच कळतं.

"मग रोज फोनवर सांगता ते? भात केला, बटाटा केला?"

"ते तुझ्या आईचे वार आहेत. सोमवारी बटाटा, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी डाळ. विसरलो नाही मी." ते शेगडीकडे बघत राहिले. "तू काय विचारतेस आणि कशावरनं मोजतेस ते मला ठाऊक आहे, पोरी. संपला म्हणून सांगणं थांबवलं असतं तर निरोप थांबला असता. निरोप थांबला असता तर दादापर्यंत गेलं असतं. मी म्हटलं, येऊ दे, जळू दे कुठेही. निरोप चुकता कामा नये."

तिला यावर रडू यायला हवं होतं. आलं ते निराळंच. तिला वाटलं, हे किती चोख मांडलंय यांनी. सबंध खात्याला जे कळलं नाही ते या टपालातल्या माणसाने एका लेकीला ओळखण्यातून जमवलं. आणि त्याच्याही खाली, विहिरीच्या तळाला पाणी हलावं तशी आणखी एक जाणीव हलली. आपण बाबांना दिलं काय? कचेरी वजा, घर वजा, पोराची परीक्षा वजा, सासरचं येणंजाणं वजा. उरलं ते बाबांना. आणि उरलेलं कधी मोजलंच नाही, ते आहे असं धरून चाललो. पाठीला भिंतीचा गारवा लागत होता, तोंडावर आच येत होती. बाबांनी विचारलं, दादाला सांगणार आहेस? तिने शेगडीकडे बघितलं, जणू उत्तर द्यायचं काम शेगडीचं होतं.

घरी जाताना बसमध्ये तिने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सांगितलं तर बाबा त्या बागवाल्या जागी जातील. तिथे तीन वेळ ऊन जेवण आहे, नर्स आहे, कुणी काडी घेऊन हरवलं तर सावरणारं आहे. आणि सहा महिन्यांत बाबा मरतील. बापाची नखं ओळखावीत तसं हे तिला कळत होतं. नाही सांगितलं तर ते इथे राहतील, रात्रीचं गार गिळत, दिवसा दुसऱ्याच्या आगीपाशी, आणि एखाद्या थंडीत कधीतरी, कुणाला न कळता. आपल्याकडे आणावं, हा तिसरा रस्ता होता. त्या रस्त्यावर तिचं मन दोन पावलं जायचं आणि पोराच्या पलंगापाशी येऊन थांबायचं, ओल्या फडक्याची रेघ थांबते तसं. तिने पुन्हा पुन्हा चालून पाहिलं. रेघ हलली नाही.

आणि टीप? टीप लिहिली की छापे. छापे पडले की ही टपरी पहिली जाईल, ती तर कोपऱ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांत. मग बाबांच्या गालांवरचा रंग कुठून येणार? मंगळवारी दुपारी तिने तक्ता उघडला आणि जास्तीचा सगळा आकडा घरगुती रकान्यात घातला. एका बोटाचं काम होतं. तफावत ओंजळीएवढी झाली. बाबांसाठी केलं, असं ती मनाशी म्हणाली, आणि मनाने ते ऐकून घेतलं, पण मान डोलावली नाही. संचालकांनी सही करताना तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि प्रसिद्धीसाठी चार ओळी लिहून द्यायला सांगितलं. घराबद्दल काय लिहायचं ते घरालाच ठाऊक, म्हणून कोळसा हसला. तिने लिहिलं: घरगुती वापरातली लक्षणीय वाढ हे सर्वसामान्य कुटुंबाच्या राहणीमानात झालेल्या सुधारणेचं द्योतक आहे. वाक्य एका दमात आलं, कुठेही खोडावं लागलं नाही. पूर्वी अशा ओळी लिहिताना तिला एखादं भलं मोठं, धूर येणारं, पोरांनी गजबजलेलं स्वयंपाकघर दिसायचं. आज तिने ते मुद्दाम डोळ्यांपुढे आणून पाहिलं. आलं. हुबेहूब आलं. त्यात माणूस नव्हता.

संध्याकाळी ती पुन्हा त्या गल्लीत गेली. डबा घेऊन गेली होती, ऊन ऊन, चार फडक्यांत गुंडाळून. बाबा बाकड्यावर बसल्याजागी झोपले होते, डोकं भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं. ती पटकन पुढे झाली. चहावाल्याने हातानेच खूण केली, झोपलेत, असू द्या. तिने तरी त्यांच्या बाहीला हात लावून पाहिलं. शेगडीकडची बाही चटका बसेल एवढी तापली होती. तिने पलीकडची चाचपली. ती बर्फासारखी होती. एकाच माणसाच्या दोन बाजू, आणि मधे कुठेतरी ते हळूहळू श्वास घेत होते. ती गार बाजूला बसली आणि त्यांच्या दंडाला दंड लावला.

दादाचा फोन तेव्हाच आला. तिकडे त्याची सकाळ होती, मागे कुणीतरी पोरांना ओरडत होतं. त्याने विचारलं, काय म्हणतायत बाबा, ठीक? चूल चालू आहे ना? हा त्यांच्यातला जुना विनोद होता. तिने बाबांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं.

"चालू आहे," ती म्हणाली. "सिलिंडर गेल्याच आठवड्यात आला."

गुड, दादा म्हणाला. मग त्याच्या पोरीच्या दातांचं निघालं.

फोन ठेवला तेव्हा चहावाला पातेली विसळत होता. आज लवकर बंद करतोय, म्हणाला, बायकोला बरं नाही. त्याने फळीखाली हात घालून किल्ली फिरवली आणि एवढा वेळ ज्या आवाजात सगळं बुडालं होतं तो आवाज एकदम गेला. गल्ली ऐकू यायला लागली. कुणाचं दार, कुणाचं खोकणं. लोखंडाची जाळी थोडा वेळ लाल राहिली, मग काळी झाली, आणि गारठा समोरून आत आला, वाट बघत उभा असल्यासारखा. बाबांना त्यानेच जाग आली. त्यांनी आधी शेगडीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तिच्या मांडीवरच्या गुंडाळलेल्या डब्याकडे, आणि त्यांचे डोळे एकदम पूर्ण उघडले.

"चला बाबा, उठा," ती म्हणाली. "घरी जाऊ."

ते उठले नाहीत. त्यांनी बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"कुठल्या? तुझ्या का माझ्या?"

तिला वाटलं होतं की या प्रश्नाला वेळ लागेल. तिथे बसल्याबसल्या तिने दोन्ही उत्तरं तयार ठेवली होती, आणि कुठलं तोंडून निघेल ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या."

बाबा उठले. गुडघे न धरता, भिंतीचा आधार न घेता, तुरुंगातून सोडल्यासारखे भर्रकन उठले, मफलर सावरला, चहावाल्याला उद्या येतो म्हणाले आणि इमारतीकडे चालू लागले. वरची त्यांची खिडकी काळी होती. ते इतक्या झपाझप चालत होते की तिला गाठता येईना. गाठायचा तिने फारसा प्रयत्नही केला नाही, कारण तिच्याही अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरत चाललं होतं आणि पावलं हलकी, फार हलकी पडत होती. तिला ते ओळखता आलं. सुटल्याचं सुख होतं ते. ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबली, डबा पोटाशी घट्ट धरून, आणि वरून बाबांचा आवाज आला, येतेस ना?